मोज्यांनाही डावं-उजवं

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये लहान मुलाचा एकच मोजा जपून ठेवला आहे. लोकरीचा, रंगीत पट्ट्यापट्ट्यांचा, साधारण इसवी सन ३०० च्या सुमाराचा. इजिप्तमधल्या अँटिनूपोलिस या रोमनकालीन शहराच्या उकिरड्यात तो सापडला. २०१८ मध्ये संशोधकांनी वेगवेगळ्या प्रकाशात छायाचित्रं घेऊन त्याचे रंग तपासले. तांबडा, निळा आणि पिवळा अशा तीन वनस्पतिजन्य रंगांतून त्यावरच्या सगळ्या छटा साधल्या होत्या. अंगठ्याला वेगळा कप्पा असल्यामुळे तो डाव्या पायाचा आहे, हेही सांगता येतं.

म्हणजे ‘एल’ आणि ‘आर’ अशी अक्षरं विणलेले धावपटूंचे महागडे मोजे दिसतात, त्यामागची कल्पना नवी नाही. आपल्याकडे थंडीत चपलेबरोबर घालायचे अंगठ्याचे मोजेही डावे-उजवेच असतात. अदलाबदल केली, तर अंगठ्याचा कप्पा करंगळीकडे जातो.

मग बाकीचे मोजे दोन्ही पायांना सारखे का? कारण यंत्रात आहे. मोजा विणणाऱ्या मशीनमध्ये सुया गोलाकार बसवलेल्या असतात आणि त्यातून सरळ नळी विणली जाते. टाच आली, की मशीन पूर्ण फेरा घेणं थांबवून पुढे-मागे अर्धे हेलकावे घेतं. दोन्ही कडांच्या सुया एकेक करून बाद होतात, पुन्हा एकेक करून कामाला लागतात आणि टाचेचा खोलगट कप्पा तयार होतो. बोटांकडची बाजूही बहुधा अशीच विणतात. दोन्ही कडा सारख्याच कमी होत गेल्यामुळे टोक मधोमध येतं. एकच नमुना, डावा-उजवा जुळवण्याची कटकट नाही, उत्पादन स्वस्त.

पण पायाचं टोक मधोमध नसतं. बहुतेकांच्या पायात ते अंगठ्याच्या किंवा शेजारच्या बोटाच्या बाजूला असतं आणि करंगळीकडे उतार असतो. त्यामुळे साध्या मोज्यात अंगठ्यावर कापड ताणलं जातं आणि करंगळीपाशी सैल उरतं. बुटात त्याची चुणी पडते. प्रत्येक पावलागणिक आतलं हाड सरकतं, वरची त्वचा मात्र मोज्याला धरून राहते. या ओढाताणीत त्वचेचे थर सुटतात, मध्ये पाणी भरतं आणि फोड येतो. घामाने ओलसर झालेल्या त्वचेवर घर्षण आणखी वाढतं. डाव्या-उजव्या मोज्यांत तिरका आकार देऊन हे जादा कापड काढून टाकलेलं असतं. संगणकावर चालणाऱ्या मशीनला दोन्ही कडांच्या सुया वेगवेगळ्या हिशेबाने चालवणं जड जात नाही.

तोटाही आहे. साधा मोजा आज या पायात, उद्या त्या पायात जातो आणि झीज वाटली जाते. डाव्या-उजव्या मोज्यात अंगठा रोज त्याच जागी घासतो, म्हणून तिथली वीण दाट हवी.

लांब पल्ल्याचे धावपटू आणि गिर्यारोहक यांनी असे मोजे जरूर वापरून पाहावेत. ऑफिसला जाणाऱ्याने त्यासाठी जादा पैसे मोजायची गरज नाही. योग्य माप आणि घाम बाहेर टाकणारा धागा यांचा फायदा त्याहून मोठा आहे. विकत घेताना मोजा उलटा करून बोटांकडच्या शिवणीवरून हात फिरवा. ती टोचत असेल, तर ‘एल’, ‘आर’ लिहिलेलं असलं तरी तो घेऊ नका.