लहान मुलांना समजून घेताना

तुमच्या घरी किंवा शेजारी चार-पाच वर्षांचे एखादे मूल असेल. आज संध्याकाळी त्याच्याबरोबर एक छोटा प्रयोग करून पाहा. दोन सारखे पेले घ्या. दोन्हींत सारखे पाणी ओता. "दोन्हींत पाणी सारखे आहे ना?" असे त्याला विचारा. ते 'हो' म्हणेल. आता त्याच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातले पाणी उंच व अरुंद ग्लासात ओता आणि पुन्हा विचारा, "आता कशात जास्त पाणी आहे?" बहुतेक वेळा मूल उंच ग्लासाकडे बोट दाखवील.

तुम्हांला हसू येईल. पण ते मूल वेडे नाही आणि खोटेही बोलत नाही. पाण्याची पातळी वर गेली, एवढेच त्याला दिसते. ग्लास अरुंद आहे, ही दुसरी गोष्ट त्याच वेळी ध्यानात घेणे त्या वयात जमत नाही. स्वित्झर्लंडमधील जीन पियाजे (१८९६-१९८०) या शास्त्रज्ञांनी असे अनेक प्रयोग केले. लहान मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. त्याची विचार करण्याची रीतच वेगळी असते, हे त्यांनी दाखवून दिले.

म्हणजे बालपण हासुद्धा अभ्यासाचा विषय आहे. गणित किंवा भूगोल यांच्याप्रमाणे तो विद्यापीठात शिकवला जातो. हा विषय शिकणाऱ्यांत काही विद्यार्थी असे असतात, की ते दिवसभर मुलांमध्ये काम करतात आणि रात्री पुस्तक उघडतात.

तुमच्या मोहल्ल्यातील अंगणवाडी आठवा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी आपल्या देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्यातून गावोगावी आणि वस्त्यावस्त्यांत अंगणवाड्या उभ्या राहिल्या. तेथील सेविकेला मुले ताई म्हणतात, कुठे बाजी म्हणतात. मुलांचे वजन करणे, त्यांना आहार देणे, गाणी आणि गोष्टी सांगणे, लसीकरणाची आठवण करून देणे, घरोघरी जाऊन मातांना भेटणे, अशी तिची किती तरी कामे असतात.

तुम्ही म्हणाल, "ताई तर रोज मुलांबरोबरच असतात. मग त्यांना आणखी काय शिकायचे?" या प्रश्नाचे उत्तर एका उदाहरणातून पाहू.

समजा, अंगणवाडीत चार वर्षांचा एक मुलगा येतो. तो कोपऱ्यात बसून राहतो आणि कोणाशीही बोलत नाही. शेजारीपाजारी म्हणतात, "फार हट्टी आहे." ताईंनाही तसेच वाटू लागते. पण बालविकासाच्या अभ्यासातला एक साधा नियम असा आहे : आधी पाहा, मग लिहा आणि मत शेवटी बनवा. ताई वहीत 'मुलगा हट्टी आहे' असे लिहीत नाहीत. त्या लिहितात, 'मागून तीनदा हाक मारली. त्याने वळून पाहिले नाही. समोर जाऊन हात हलवला, तेव्हा हसला.'

आता या नोंदीकडे पाहा. हट्टी मूल समोरून हाक मारली, तरी तोंड फिरवील. हा मुलगा हसतो. मग त्याला ऐकू कमी येत असेल का? कान वारंवार फुटत असेल, तर ऐकू येणे कमी होऊ शकते. ताई त्याच्या आईला भेटतात आणि त्याला आरोग्य केंद्रात तपासणीसाठी पाठवतात. वेळीच उपचार झाले, तर त्याच्या बोलण्याची वाट मोकळी होऊ शकते. नुसते 'हट्टी' म्हणून सोडून दिले, तर त्याची शिकण्याची मोलाची वर्षे वाया जातात.

कधी कारण वेगळेही असते. घरी उर्दू बोलणारे मूल मराठी बोलणाऱ्या मुलांत आले, तर ते काही दिवस गप्प राहते. ते मुके नसते आणि मंदही नसते. ते नवी भाषा ऐकत असते, मनात साठवत असते. तुम्ही स्वतः मराठी शिकत आहात, म्हणून ही गोष्ट तुम्हांला चटकन समजेल. अशा वेळी ताईंनी त्याच्या घरच्या भाषेतले दोन शब्द बोलले, तरी त्याचा चेहरा खुलतो. गप्प बसणारी दोन्ही मुले वरून सारखीच दिसतात. त्यांच्यातला फरक ओळखायला माया तर हवीच, पण ज्ञानही हवे.

मात्र नोकरी आणि घर सांभाळून विद्यापीठात जायचे कसे? यासाठी मुक्त विद्यापीठे आहेत. दिल्लीचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली स्थापन झाले आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली. येथे रोज वर्गात बसावे लागत नाही. पुस्तके घरी वाचायची, स्वाध्याय लिहून द्यायचे आणि ठरलेल्या वेळी परीक्षा द्यायची. दिल्लीच्या या विद्यापीठाने शिशुसंगोपन व शिक्षण या विषयाची एक पदविका बारावी उत्तीर्ण असलेल्यांसाठी तयार केली. ती ३२ श्रेयांकांची आहे. एक श्रेयांक म्हणजे सुमारे ३० तासांचा अभ्यास. म्हणजे एकूण ९६० तास झाले. रोज दोन तास काढले, तर ४८० दिवस लागतील; सुमारे सोळा महिने! दिवसभर मुलांच्या मागे धावून, घरचा स्वयंपाक आटोपून हे दोन तास काढणे सोपे नाही. डोळे मिटू लागतात. घरातले कोणी विचारते, "आता या वयात परीक्षा कशाला?"

या प्रश्नाचे उत्तर अनुताई वाघ यांनी आपल्या जीवनातून दिले. त्यांचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि सहा महिन्यांतच वैधव्य आले. पण त्या खचल्या नाहीत. त्या शिकून शिक्षिका झाल्या. नोकरी करता करता रात्रशाळेत जाऊन त्यांनी मॅट्रिकची परीक्षा दिली. १९४५ साली ताराबाई मोडक यांच्याबरोबर त्या बोर्डी येथे बालशिक्षणाच्या कामात आल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांमध्ये चालले. मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसले, तेव्हा या दोघींनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. काम चालू असतानाच, वयाची पन्नाशी ओलांडल्यावर अनुताईंनी पदवी मिळवली. १९८५ साली भारत सरकारने त्यांना 'पद्मश्री' देऊन गौरवले.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही ही गरज ओळखली आहे. बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम असावा, असे त्यात म्हटले आहे. काम न सोडता तो पूर्ण करता यावा, अशीही त्यात कल्पना आहे.

अशा शिक्षणाचा एक मोठा फायदा आहे. रात्री वाचलेले सकाळी मुलांमध्ये पडताळून पाहता येते आणि सकाळी पडलेला प्रश्न रात्री पुस्तकात शोधता येतो.

मित्रांनो, कदाचित तुमची आई, खाला किंवा आपा अशीच रात्री पुस्तक घेऊन बसत असेल. तेव्हा आवाज थोडा कमी करा. आपली ताटे आपण धुवा. लहान भावंडाला तासभर खेळवा आणि खेळवता खेळवता त्याच्याकडे नीट पाहा. तुमच्याही अभ्यासाची ती सुरुवात ठरेल.