कॉलेजच्या ऑफिसात एआय आले, नियम कधी येणार?

जून-जुलै आला की जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे, शिरपूर, साक्री, कुठल्याही कॉलेजच्या ऑफिसची खिडकी पाहा. प्रवेश, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, महाडीबीटीचा अर्ज, बोनाफाईड. बाहेर लांबच लांब रांग आणि आत मोजके कर्मचारी. त्यातच नोटीस काढा, अहवाल लिहा, विद्यापीठाच्या पत्राला उत्तर द्या. अशा वेळी मोबाईलवरचे चॅटजीपीटी किंवा जेमिनी दोन मिनिटांत पत्र लिहून देत असेल तर कर्मचारी ते वापरणारच. प्राध्यापकही वापरतात. प्रश्नसंच काढायला, नोट्स तयार करायला, असाइनमेंट तपासायला.

यात चूक काही नाही. पण ज्या ऑफिसात साधी रजा घ्यायलाही अर्जाचा नमुना लागतो, तिथे विद्यार्थ्यांची माहिती एआयमध्ये टाकायला काहीच नियम नसणे ही धोक्याची गोष्ट आहे. आणि धोका सगळ्यांना सारखा नाही. ज्याच्या घरात कोणी तरी शिकलेले आहे, तो ऑफिसची चूक पकडतो. पहिल्या पिढीचा विद्यार्थी मात्र ‘तुझे बसत नाही’ असे ऐकून परत जातो. म्हणून हा विषय फक्त कॉम्प्युटरवाल्यांचा नाही, आपलाही आहे.

एआय उत्तर कसे देते?

हे चॅट करणारे प्रोग्राम प्रचंड मजकुरावर तयार केलेले असतात. कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, याच्या हिशेबाने ते वाक्य जुळवतात. काही आता इंटरनेटवरही शोधतात, पण समोरचा शासन निर्णय (जीआर) चालू आहे की रद्द झालेला, हे ते दरवेळी नीट ओळखतीलच असे नाही. चुकले तरी भाषा तितकीच ठाम असते. वाचणाऱ्याला शंकाच येत नाही.

आपल्या संदर्भातले उदाहरण घेऊ. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये त्यात शीख आले आणि १९९० मध्ये बौद्ध. म्हणजे १९९० पूर्वीचा केंद्रीय कागद ‘बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा नाही’ असे सांगू शकतो. जुना आणि नवा मजकूर एकत्र गिळलेल्या यंत्राने अर्धवट प्रश्नाला जुनेच उत्तर दिले तर? दाखल्यावर धर्म ‘बौद्ध’ लिहिलेल्या मुलीला खिडकीवरून परत पाठवले जाईल. अर्जाची तारीख निघून गेली की वर्षाची शिष्यवृत्ती गेली. यंत्राचे काही बिघडत नाही, मुलीचे शिक्षण सुटू शकते.

यंत्राला जात कळते का?

यंत्राला जात नसते, पण ज्या मजकुरावर ते शिकते त्यात जात ठासून भरलेली असते. २०२५ मध्ये बंगळूरूतील समाजशास्त्राच्या फेलोशिपसाठी अर्ज करणाऱ्या एका दलित संशोधकाने आपले इंग्रजी सुधारायला चॅटजीपीटीला दिले. भाषा सुधारलीच, सोबत त्याचे आडनाव बदलून ‘शर्मा’ झाले. हे प्रकरण एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू या मासिकाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी केलेल्या चाचणीत रिकाम्या जागा भरताना हे मॉडेल निम्म्याहून अधिक वेळा जातीविषयीचा जुनाच पूर्वग्रह निवडत होते.

आता कल्पना करा की कॉलेजने ‘कोणता विद्यार्थी शिक्षण सोडून जाईल’, ‘कोणाला प्लेसमेंटला पाठवावे’ असे प्रश्न अशा यंत्राला विचारले. आडनाव, गाव, आधीची शाळा, आश्रमशाळेचे नाव एवढ्यावरूनच उत्तर झुकू शकते. आणि कोणी जाब विचारला तर उत्तर तयार असते, ‘आम्ही नाही, कॉम्प्युटरने ठरवले.’

हे नुसते अंदाज नाहीत. ऑगस्ट २०२० मध्ये कोरोनामुळे परीक्षा रद्द झाल्यावर इंग्लंडमध्ये बारावीच्या तोडीच्या ए-लेव्हल परीक्षेच्या श्रेणी एका गणिती सूत्राने ठरवल्या. त्यात शाळेच्या मागच्या निकालांना मोठे वजन होते. शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी सुमारे ३९ टक्के खाली आल्या. निकाल कमकुवत असलेल्या शाळेतल्या हुशार मुलांना फटका बसला आणि लहान वर्ग असलेल्या खासगी शाळांना फायदा झाला. विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि १७ ऑगस्टला सरकारने ते सूत्र मागे घेतले.

आपल्याकडे मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये घाईघाईने सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका ऑनस्क्रीन तपासायला घेतल्या. ते एआय नव्हते, साधे स्कॅनिंग आणि संगणकावरची तपासणी होती. तरीही निकाल महिनोन्महिने रखडले, उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाली आणि शेवटी कुलगुरूंना पद गमवावे लागले. तयारी आणि नियम नसताना तंत्रज्ञान आणले की त्याची किंमत विद्यार्थी मोजतात, हा महाराष्ट्राचाच अनुभव आहे.

‘हे तू लिहिलेच नाहीस’

मजकूर एआयने लिहिला का हे ओळखणारी ‘डिटेक्टर’ सॉफ्टवेअर आता मिळतात. त्यांनी दाखवलेली टक्केवारी पाहून विद्यार्थ्याला दोषी धरण्याचा मोह होतो. २०२३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी असे सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त निबंध या सॉफ्टवेअरनी ‘एआयचे’ ठरवले. कारण सोपे आहे. मर्यादित शब्दसंग्रह आणि साधी, सरळ वाक्ये ही त्यांना यंत्राची खूण वाटते. चॅटजीपीटी बनवणाऱ्या कंपनीनेही आपला स्वतःचा डिटेक्टर अचूक नाही म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केला.

घरी अहिराणी, तावडी, भिली किंवा पावरी बोलणारा, मराठी माध्यमातून शिकलेला आपला विद्यार्थी इंग्रजी लिहितो ते असेच, साधे आणि मोजक्या शब्दांत. म्हणजे डिटेक्टरच्या जाळ्यात आधी सापडणार तोच.

अमेरिकेत टेक्सासमधल्या एका प्राध्यापकाने तर मे २०२३ मध्ये विद्यार्थ्यांचे निबंध थेट चॅटजीपीटीलाच दिले आणि ‘हे तू लिहिलेस का?’ असे विचारले. त्याने ‘हो’ म्हटले आणि मुलांचे गुण रोखले गेले. असे काही ओळखण्याची सोयच त्या प्रोग्राममध्ये नाही, हे प्राध्यापकाला माहीत नव्हते.

यूजीसीचे साहित्यचोरीविरोधी नियम २०१८ चे आहेत. त्यातले १०, ४० आणि ६० टक्क्यांचे टप्पे दुसऱ्याच्या लिखाणाशी असलेल्या साम्याचे आहेत. डिटेक्टरची टक्केवारी त्यात बसवून शिक्षा करणे म्हणजे एका मापाने दुसरेच काही मोजणे होय.

माहिती कोणाची?

कॉलेजकडे आपली काय काय माहिती असते? नाव, जात, धर्म, आधार क्रमांक, बँक खाते, वडिलांचे उत्पन्न, वसतिगृहाचा पत्ता, कधी आजारपण, कधी तक्रार अर्ज. ही यादी कर्मचाऱ्याने आपल्या मोबाईलवरच्या मोफत खात्यात टाकली की ती कॉलेजच्या बाहेर, कंपनीच्या सर्व्हरवर गेली. सेटिंग बदलले नसेल तर अनेक मोफत सेवा तो मजकूर पुढे यंत्र शिकवायलाही वापरतात.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. या कायद्यातल्या दोन गोष्टी कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवाव्यात. पहिली, १८ वर्षांखालील व्यक्ती म्हणजे बालक आणि तिच्या माहितीसाठी सर्वसाधारणपणे पालकांची संमती लागते. आपल्या अनेक सीनियर कॉलेजांना ज्युनियर कॉलेज जोडलेले आहे, म्हणजे अकरावी-बारावीची मुले यात येतात. दुसरी, या कायद्यात ‘संवेदनशील माहिती’ असा वेगळा वर्ग नाही. जातीची माहिती आणि साधा फोन नंबर यांना कायद्याने एकाच रांगेत बसवले आहे. म्हणून जातीच्या माहितीला जास्तीचे संरक्षण द्यायचे तर ते कॉलेजच्या स्वतःच्या नियमानेच द्यावे लागेल.

नियम कसे असावेत?

नमुना शोधायला परदेशी जायची गरज नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर अशी साधने वापरू नका असे सांगितले. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी एआय वापराचे धोरण काढले. निकाल किंवा आदेश ठरवायला एआय नाही, फक्त मान्यताप्राप्त साधने, प्रत्येक उत्तराची माणसाकडून तपासणी, वापराची नोंद आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, असा त्याचा गाभा आहे. न्यायाधीशांना जे बंधन चालते ते कॉलेजला जड जाऊ नये. त्या धर्तीवर कॉलेजसाठी हे सात नियम सुचवतो.

१. निर्णय माणसाचा, सही माणसाची. प्रवेश, गुण, हजेरी, शिष्यवृत्ती, शिस्तभंग, वसतिगृह यांतला कोणताही निर्णय एआयवर सोडू नये. एआयने गुण सुचवले असतील तर प्राध्यापकाने उत्तर स्वतः वाचूनच गुण द्यावेत.

२. ओळख पटेल अशी माहिती टाकू नये. नाव, जात, आधार, फोन, फोटो, तक्रार अर्ज, न झालेल्या परीक्षेची प्रश्नपत्रिका, काहीही नाही. पत्राचा नमुना हवा असेल तर ‘विद्यार्थी अ’ लिहून काम भागते.

३. सवलतीच्या प्रश्नाला मूळ कागद. आरक्षण, शिष्यवृत्ती, जात पडताळणी याबद्दल विद्यार्थ्याला उत्तर देताना शासन निर्णय किंवा समाजकल्याण कार्यालयाचे पत्र पाहावे. ‘नाही’ म्हणायचे असेल तर ते लेखी द्यावे आणि कोणत्या नियमाने नाही ते लिहावे.

४. डिटेक्टर म्हणजे पुरावा नव्हे. शंका आली तर विद्यार्थ्याला बोलवावे, कच्चे लिखाण पाहावे, विषयावर दोन प्रश्न विचारावेत. म्हणणे ऐकल्याशिवाय गुण कापू नयेत.

५. वापर उघड सांगावा. विद्यार्थ्याने एआय वापरले तर सांगायचे आणि शिक्षकाने नोट्स किंवा प्रश्नसंच त्यातून काढले तर त्यानेही सांगायचे. नियम दोघांना सारखा.

६. भाषांतर जाणकाराने वाचावे. इंग्रजी पत्राचे सोपे मराठी करायला एआय खरेच उपयोगी आहे. पण अहिराणी, भिली, पावरीत त्याचा भरवसा धरू नये. ती भाषा बोलणाऱ्याने तपासल्याशिवाय सूचना लावू नये.

७. कॉलेजचे खाते, कॉलेजची नोंद, कॉलेजचे प्रशिक्षण. कोणते साधन चालेल याची यादी लावावी, कोणत्या कामासाठी वापरले ते लिहून ठेवावे. चूक झाली तर कळवणाऱ्या कर्मचाऱ्याला शिक्षा नको, नाहीतर चुका लपवल्या जातील. कंत्राटी क्लार्क आणि सीएचबीवरच्या प्राध्यापकांनाही हे प्रशिक्षण मिळाले पाहिजे, कारण कामाचा मोठा भार त्यांच्यावरच असतो.

आपण काय करायचे?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार प्रत्येक संलग्न कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते. त्यात शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी आणि विद्यार्थी परिषदेचेही प्रतिनिधी असतात. एआयचे नियम हा विषय या समितीच्या बैठकीत घ्या, असे लेखी निवेदन प्राचार्यांना देता येते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. विद्यापीठाने एक नमुना नियमावली काढली तर गावोगावच्या छोट्या कॉलेजांना वेगळा खटाटोप करावा लागणार नाही. तशी मागणी संघटनांनी मिळून करावी.

अन्याय झालाच तर यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे. तिच्यात किमान एक महिला आणि अनुसूचित जाती, जमाती किंवा ओबीसी प्रवर्गातील किमान एक व्यक्ती असावी लागते. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, त्यावर लोकपालाकडे दाद मागता येते. आपल्या कॉलेजात ही समिती आहे का, सदस्य कोण, हे आधी विचारा. अनुदानित कॉलेजला माहिती अधिकारही लागू आहे. दहा रुपयांच्या अर्जात तीन प्रश्न पुरेसे आहेत. कर्मचारी कोणकोणती एआय साधने वापरतात? विद्यार्थ्यांची कोणती माहिती त्यात टाकली जाते? त्याबाबत लेखी नियम आहे का?

दरवर्षी ३१ जुलैला आपण धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जमतो. १९३७ मध्ये बाबासाहेब धुळ्याच्या न्यायालयात खटल्याच्या कामासाठी आले तेव्हा तिथे थांबले होते. हे दिवस प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीच्या धावपळीचेही असतात. त्या दिवशी एका टेबलावर महाडीबीटीची मदत आणि शेजारी या निवेदनाचा छापील नमुना ठेवता येईल. प्रत्येक तालुक्यातून चार-पाच युवकांनी तो आपापल्या कॉलेजात नेऊन दिला आणि पोच घेतली, तर दिवाळीच्या आत निदान दहा-वीस कॉलेजांना या प्रश्नाचे लेखी उत्तर द्यावे लागेल.