शारीरिक शिक्षणाचे निकष आणि गावची प्राथमिक शाळा

प्राथमिक शाळेतील शारीरिक शिक्षण म्हणजे सकाळची कवायत आणि वर्षाकाठी एकदा होणाऱ्या स्पर्धा, असा समज पेडणे व डिचोली तालुक्यांतही रूढ आहे. स्पर्धेत चमकतात ती चार-दोन मुले. बाकीची कडेला उभी राहून टाळ्या वाजवितात. निकषांवर आधारलेले शारीरिक शिक्षण या कडेच्या मुलांसाठी आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ला अनुसरून २०२३ मध्ये तयार झालेल्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात, कोणत्या टप्प्यावर मुलाला कोणत्या शारीरिक क्षमता याव्यात, हे नमूद केले आहे. ‘खेलो इंडिया’च्या चाचण्याही वयानुसार ठरविलेल्या आहेत. पहिली ते तिसरीसाठी उंची-वजनाचे प्रमाण, तोल आणि हातांची चपळता एवढेच तपासावयाचे असते. ५० मीटर व ६०० मीटर धावणे चौथीपासून सुरू होते.

हे करणार कोण? शिक्षण हक्क कायदा, २००९ अन्वये अंशकालीन क्रीडाशिक्षकाची तरतूद आहे ती सहावी ते आठवीसाठी, तीही पटसंख्या १०० च्या वर असल्यास. आपल्या सरकारी प्राथमिक शाळा बहुधा चौथीपर्यंतच्या. साहजिकच हा भार वर्गशिक्षकावर येतो, आणि कित्येक ठिकाणी शाळेत शिक्षकच एक असतो.

सुदैवाने साहित्य थोडे लागते. तोलाच्या चाचणीत मूल अरुंद लाकडी पट्टीवर एका पायावर उभे राहते. ६० सेकंदांत तोल किती वेळा जातो, ते मोजावयाचे. अशी पट्टी गावचा सुतार करून देईल. चपळतेसाठी मेजावर खडूने दोन वर्तुळे काढून त्यांना एका हाताने आळीपाळीने स्पर्श करावयास लावावे आणि २५ फेऱ्यांचा वेळ टिपावा. पावसाळ्यात हे व्हरांड्यातही होते. लंगडी व लगोरी हे खेळ या क्षमतांचा उत्तम सराव आहेत. त्यांना ‘नुसते खेळणे’ म्हणणे योग्य नव्हे.

नोंद मात्र नेमाने ठेवावी. जूनमध्ये आठ वेळा तोल गेलेल्या मुलीचा डिसेंबरमध्ये पाच वेळा गेला, तर ती तिची प्रगती होय. शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. वजनाचा आकडा वर्गात मोठ्याने वाचू नये.

डिचोलीच्या उताराच्या भागात ५० मीटरची सरळ, सपाट वाट शाळेच्या आवारात मिळणे कठीण. तेथे पंचायतीने किंवा देवस्थानाने आपले पटांगण आठवड्यातून एक तास दिल्यास चौथीच्या मुलांची सोय होईल. शाळा व्यवस्थापन समितीने तसा विनंती-अर्ज वर्षारंभीच करावा.