जुन्या मोटारसायकलीला नवा चिमटा

मंडळी, आजोबांच्या वेळची बुलेट अजून पुष्कळ गावांत आहे. नातवाने तिची टाकी बदललेली, सीट बदललेली, हँडल उंच केलेले. आता त्याला पुढे नव्या गाडीचा चिमटा बसवायचा आहे. मेकॅनिक ज्याला पुढचे शॉकॲब म्हणतो, तोच हा भाग. केवळ हौस म्हणून सोडून देऊ नका. घाट उतरताना जुना ड्रम ब्रेक तापला की पकड सोडू लागतो. नव्या चिमट्याच्या नळ्या जाड असतात आणि त्याला डिस्क ब्रेक लावता येतो. मागणी रास्त आहे. पण चिमटा बसला म्हणजे गाडी नीट चालेलच असे नाही.

असे का, ते आपली सायकल सांगेल. हँडलला हात न लावता सीट धरून सायकल पुढे ढकला. चाक सरळ राहते. आता मागे ढकला, चाक गर्रकन वळते! हँडलची दांडी तिरपी असते. ती रेषा जमिनीपर्यंत वाढवली, तर चाक जिथे टेकते त्याच्या थोडी पुढे पडते. म्हणजे चाक त्या रेषेमागून ओढले जाते, बैलामागून ओंडका यावा तसे. या अंतराला ट्रेल म्हणतात. गुरुजींनी एकदा सायकल वर्गात आणावी. हँडलच्या दांडीच्या रेषेत सरळ काठी धरावी, चाकाच्या आसापासून ओळंबा सोडावा, आणि जमिनीवरचे अंतर मुलांना मोजायला लावावे. भूमितीचा तास रंगेल.

मोटारसायकलीत चिमट्याच्या दोन नळ्या वरच्या आणि खालच्या 'टी'मध्ये धरलेल्या असतात, आणि त्या दांडीच्या थोड्या पुढे असतात. समजा, चाकाची त्रिज्या ३२० मिलिमीटर, दांडीचा कल उभ्या रेषेपासून २७ अंश, आणि नळ्या ६० मिलिमीटर पुढे. हिशेब केला तर ट्रेल सुमारे ९६ मिलिमीटर येतो. नव्या 'टी'त नळ्या ३० मिलिमीटरच पुढे असल्या, तर तोच १२९ होतो. बाजारातल्या गर्दीत हँडल जड लागते. उलट, टी जुन्याच मापाची पण चिमटा आखूड निघाला आणि गाडी पुढून ३० मिलिमीटर खाली बसली, तर दांडी अंशभर उभी होते, ट्रेल ८८ च्या आसपास उतरतो. मग वेगात खड्डा लागला की हँडल थरथरू लागते. म्हणून जुनी मापे आधी कागदावर घ्यावीत, आणि नवी 'टी' त्यांच्या जवळची शोधावी.

नवी दांडी जुन्या मानेत सहसा सरळ बसत नाही. लांबी वेगळी, कोनसेट वेगळा. चांगल्या लेथवाल्याकडून मापाची दांडी करवून ती 'टी'त दाबून बसवावी. "एक टाका मारून देतो" म्हणणाऱ्याला मात्र दुरूनच हात जोडावेत. पुष्कळ नव्या 'टी' ॲल्युमिनियमच्या असतात. त्यांना लोखंड वेल्डिंगने जोडता येत नाही. ही दांडी मोडली तर हातात नुसते हँडल राहते.

बसवल्यावर आतल्या स्प्रिंगा काढून चिमटा पूर्ण दाबून पाहावा. चाक सांगाड्याला किंवा मडगार्डला लागता कामा नये. हँडल दोन्हीकडे पुरते वळवावे. नळ्या टाकीवर आपटू नयेत, केबल ताणू नये, इंजिन आपोआप चढू नये. डिस्क ब्रेकच्या डबीत ब्रेकचेच द्रव घालावे, इंजिनचे तेल नव्हे. त्याने रबरी वायसर फुगतात.

कायद्याचेही ऐका. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला आपल्या मर्जीने करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला, दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवली आहेत. तेव्हा आधी आर.टी.ओ. कचेरीत विचारावे, मग पाना हातात घ्यावा. जुना चिमटाही विकू नये; तेलाचा हात फिरवून माळ्यावर ठेवावा.

शंभरेक किलोमीटर चालल्यावर पुढचे चाक उचलून चिमटा मागेपुढे हलवून पाहा. खडखड लागली तर कोनसेट बसला आहे. तो पुन्हा आवळून घ्या.