लोण्याचं बिस्किट आणि मांड्याची कणीक

दिवाळी जवळ आली की आपल्याकडे बेकरीच्या भट्टीवर डब्यांची रांग लागते. मैदा, साखर, तूप आपलं, भाजण्याची मजुरी बेकरीवाल्याची. डबा भरून नानखटाई घरी येते. ही नानखटाई सुरतेची, तिथल्या डच लोकांच्या बेकरीतून पुढे आली असं सांगतात. आज आपण बोलणार आहोत तिच्या फ्रेंच बहिणीबद्दल. तिचं नाव साब्ले. फ्रेंच भाषेत 'साब्ल' म्हणजे वाळू. तोंडात टाकलं की वाळूसारखं भुसभुशीत विरघळतं, म्हणून हे नाव.

हा भुसभुशीतपणा कुठून येतो? खापरावरचे मांडे आठवा. कणीक मळून मळून, आपटून आपण ती अशी करतो की हातावर फिरवताना पातळ पसरते, पण फाटत नाही. गव्हाच्या पिठाला पाणी लागलं आणि ते मळलं की त्यात ताणणारा चिकटपणा तयार होतो. मांड्याला तोच हवा. साब्लेला तो अजिबात नको. म्हणून आधी मैद्याच्या कणाकणाला लोणी चोळायचं. कणावर लोण्याचा थर बसला की पाणी आत शिरत नाही. करंजीला मोहन घालतो ते याचसाठी. फरक एवढाच, की मोहन कडकडीत गरम असतं आणि थोडं असतं. इथे लोणी थंड आणि मैद्याच्या निम्मं.

पाव किलो मैदा, सव्वाशे ग्रॅम लोणी, शंभर ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, त्यानेच लोण्याची चव उठून येते. बोटांच्या टोकांनी चोळत ओल्या रव्यासारखं करा. मग अंड्याचे दोन पिवळे बलक, नाहीतर दोन चमचे थंड दूध घालून गोळा फक्त एकत्र आणा. मळू नका! हाताला सवय आहे, तो मळायला जाणारच. गोळा अर्धा तास गार जागी ठेवा, जाडसर लाटा, वाटीने कापा.

लोणी घरचं असेल तर धुऊन, दाबून त्यातलं पाणी काढा. विकतच्या लोण्यातही शंभर ग्रॅममागे सोळा-सतरा ग्रॅम पाणी असतं, घरच्यात जास्तच. तूप वापरायचं तर सव्वाशेऐवजी शंभर ग्रॅम पुरे, कारण तुपात पाणी नसतं. पण तुपाचं बिस्किट नानखटाईकडे झुकतं. लोण्यातला दुधाचा अंश भाजताना तांबूस होतो, तो वास तुपात वेगळा येतो.

लोणी बत्तीस-पस्तीस अंशांना वितळतं. आपल्या मे महिन्यात ते हातात धरायच्या आधीच पातळ होईल. हे काम हिवाळ्यातलं, नाहीतर भल्या पहाटेचं. उन्हाळ्यात सरळ नानखटाई करावी, असं आमचं मत.

ओव्हन असेल तर १८० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटं. नसेल तर जाड बुडाच्या कढईत मीठ पसरा, त्यावर तिवई ठेवा, झाकून दहा मिनिटं तापवा आणि ताटलीतली बिस्किटं मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं भाजा. कुकर वापरलात तर शिट्टी आणि रबर काढूनच. कडा सोनेरी, मधला भाग फिकट दिसला की उतरवा. गरम असताना मऊच लागतात. कच्ची समजून पुन्हा ठेवाल तर करपतील.

गटाने विकायची असतील तर अन्नसुरक्षेची एफएसएसएआय नोंदणी आधी करा. पाकिटावर 'लोण्याची' लिहिलं तर आत लोणीच हवं. डालडा स्वस्त पडतो, पण मग तसंच लिहा. बलक घातला असेल तर हिरवा ठिपका चालत नाही, तपकिरी खूण लागते. अंडं न खाणारी गिऱ्हाइकं आपल्याकडे पुष्कळ. त्यांच्यासाठी दुधाचा घाणा वेगळा, ताटल्याही वेगळ्या. आणि डब्यात भरायची ती पूर्ण गार झाल्यावरच. कोमट भरली तर वाफ धरून दुसऱ्या दिवशी नरम पडतात.