साठ युनिटांचा दाखला आणि दोन वर्षांचा भ्रम

कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत मुलाने वा मुलीने विद्यापीठात संगीत हाच मुख्य विषय घेण्याचा निश्चय सांगितला, आणि चार वर्षांच्या शुल्काचा आकडा पाहून वडीलधाऱ्यांनी प्रथम कम्युनिटी कॉलेजाचा मार्ग सुचवला, की पुढचे वाक्य ठरलेले असते : ‘‘दोन वर्षे इथं, साठ युनिटं पुरी, मग ट्रान्सफर, आणि उरलेल्या दोन वर्षांत पदवी.’’ हे वाक्य मी इतक्या घरांत, इतक्या निःशंक स्वरात ऐकले आहे, आणि त्यावर विसंबलेली गुणी मुले पुढे हिरमुसलेली पाहिली आहेत, की त्याची एकदा नीट छाननी करणे मला कर्तव्य वाटते.

या समजुतीचा उगम असत्यात नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. १९६० च्या उच्च शिक्षणाच्या बृहद् आराखड्याने कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जाण्याचा राजमार्ग आखला. आज तेथे अशी ११६ कॉलेजे असून राज्यातील रहिवाशाला एका युनिटमागे केवळ ४६ डॉलर भरावे लागतात. इतिहास किंवा अर्थशास्त्र शिकणारा विद्यार्थी योग्य विषय निवडून ६० सेमिस्टर-युनिटांसह निघाला, तर तो बहुधा खरोखरच तिसऱ्या वर्षात जाऊन बसतो. घोटाळा होतो तो हाच हिशेब संगीताला जसाच्या तसा लावल्यामुळे.

आता आकडेच पाहू. अमेरिकेतील संगीत-संस्थांना मान्यता देणाऱ्या, १९२४ साली स्थापन झालेल्या ‘नॅशनल असोसिएशन ऑफ स्कूल्स ऑफ म्युझिक’ या संघटनेच्या मानदंडांनुसार ‘बॅचलर ऑफ म्युझिक’ या व्यावसायिक पदवीत सामान्यतः निदान ६५ टक्के अभ्यास संगीताचाच असावा लागतो. १२० युनिटांच्या पदवीत हे प्रमाण ७८ युनिटांचे होते. इतर सर्व विषयांना मिळून उरतात ४२. ज्याने दोन वर्षे इंग्रजी, गणित, इतिहास, मानसशास्त्र अशी ६० युनिटे जमवली आणि ‘संगीत पुढे विद्यापीठात पाहू’ म्हटले, त्याची १८ युनिटे पदवीच्या हिशेबात जागाच नसल्याने बाजूला पडतात, आणि संगीताची ७८ पुरती शिल्लक राहतात. सेमिस्टरला पंधरा धरली, तरी पाच सेमिस्टरांत ती संपत नाहीत. शिवाय हे विषय एकाच वेळी उरकता येत नाहीत : संगीतशास्त्र आणि श्रवणकौशल्य यांची साखळी बहुधा चार सेमिस्टरांची असते, पहिली कडी पार केल्याविना दुसरी हाती येत नाही, आणि वरच्या वर्गांची दारे या साखळीच्या शेवटी आहेत. मग दोन वर्षे कोणत्या गणिताने होणार?

आणि युनिटांची नोंद दप्तरी झाली म्हणजे ज्ञानाची खातरजमा झाली, असेही नव्हे. प्रवेशानंतर बहुतेक संगीत-विभाग स्थाननिश्चितीची परीक्षा घेतात, आणि तीत उणा पडलेला विद्यार्थी, त्याच्या प्रमाणपत्रावर ‘संगीतशास्त्र, चौथे सत्र’ असे लिहिलेले असले तरी, खालच्या वर्गात बसवला जाऊ शकतो. परिचितांच्या एका मुलीची अशी तयारी मी घेत होतो. लहानपणापासून हार्मोनियमवर सरगम गायलेली ती मुलगी. मी पियानोवर आठ मात्रांची धून वाजवली, तिने डोळे मिटून ती सरगमात अचूक गाऊन दाखवली, कारण आपला ‘सा’ आणि तिकडच्या श्रवणशिक्षणात पुष्कळ ठिकाणी वापरला जाणारा चल ‘डो’ ही एकाच तत्त्वाची दोन नावे आहेत. परंतु तीच धून मी खालच्या स्वररेषेसह वाजवली आणि दोन्ही रेषा स्टाफ नोटेशनमध्ये उतरवून घ्यायला सांगितल्या, तेव्हा वरची रेषा चटकन लिहिली गेली आणि खालच्या रेषेवर पेन्सिल थांबली ती थांबलीच. ‘‘काका, ऐकू येतंय, पण लिहिता येत नाही,’’ ती म्हणाली. तिच्या कानात काही उणे नव्हते. खालचा स्वर धरून सुसंवादाची हालचाल ओळखण्याचा सराव तिला कोणी दिलाच नव्हता, आणि तो सराव आठवडाभराच्या जागरणाने नव्हे, महिनोन्‌महिन्यांच्या नित्याच्या अभ्यासानेच अंगवळणी पडतो.

याला जोडून आणखी काही समजुती आहेत. त्यांचा परामर्श थोडक्यात घेतो.

‘गुण उत्तम असले की ऑडिशन हा केवळ उपचार.’ नाही, स्पर्धेच्या संस्थांत विद्यापीठाचा प्रवेश आणि विभागाचा प्रवेश हे दोन स्वतंत्र निर्णय असतात, आणि त्या वर्षी तुमच्या वाद्याच्या किती जागा रिकाम्या आहेत, यावरही पुष्कळ अवलंबून असते.

‘हमी-योजना घेतली की चिंता मिटली.’ युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची प्रवेश-हमी सहाच शाखांत लागू आहे, बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यांत नाहीत. आणि २०१० च्या कायद्याने आलेली ट्रान्सफरची सहपदवी कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या व्यवस्थेत जागा देते, पसंतीच्या शाखेत वा विषयात नव्हे.

‘जितकी युनिटे अधिक, तितका लाभ.’ युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया कम्युनिटी कॉलेजातील जास्तीत जास्त ७० सेमिस्टर-युनिटेच पदवीच्या बेरजेत धरते.

‘नाव सारखे, म्हणजे विषय सारखा.’ कोणता वर्ग कोठे मान्य आहे याचा अधिकृत तपशील ‘असिस्ट’ या राज्याच्या नोंदणीत मिळतो. तो पाहिल्याविना एकाही वर्गात नाव घालू नये.

‘कम्युनिटी कॉलेजाचा शिक्का कायमचा कमीपणा आणतो.’ वाद्यवृंद-संचालक लेनर्ड स्लॅटकिन लॉस एंजेलिस सिटी कॉलेजात शिकून पुढे जुलियार्डला गेले. चित्रपटसंगीतकार जेरी गोल्डस्मिथ यांनीही त्याच कॉलेजात धडे घेतले.

तेव्हा मार्ग बंद नाही, फक्त त्याचा आरंभ लोक समजतात त्याहून फार आधी होतो. कम्युनिटी कॉलेजातील पहिल्याच सत्रात संगीतशास्त्र, श्रवणकौशल्य, वाद्याचे वैयक्तिक शिक्षण आणि वाद्यवृंद वा गायकवृंद या चारही गोष्टींना आरंभ करावा, इतर विषय त्यांच्या भोवती बसवावेत, आणि ज्या पदवीची आकांक्षा आहे ती ‘बॅचलर ऑफ म्युझिक’ की संगीताचा भार पुष्कळ हलका असलेली ‘बॅचलर ऑफ आर्ट्‌स’, याचा निर्णय पहिल्याच वर्षी घ्यावा. एवढे केले तर दोन अधिक दोन हा हिशेब पुष्कळांच्या बाबतीत साधतो. न साधला, तर तिसरे वर्ष लागेल हे घरात आधीच ठाऊक असते, आणि ते वर्ष अपयशाचे वाटत नाही. त्या मुलीने त्याच आठवड्यात श्रवणकौशल्याच्या पहिल्या वर्गात नाव घातले. आता ती धून ऐकताना आधी खालचीच रेषा लिहिते.