उंबरठा ओलांडताना

घराचे प्रवेशद्वार सजवताना आपण बहुधा पाहुण्याच्या नजरेचा विचार करतो. तोरण, नावाची पाटी, नक्षीदार दार, चकचकीत पायऱ्या यांवर हौसेने खर्च करतो. त्याच दारातून दिवसातून दहा वेळा ये-जा करणारी वृद्ध माणसे, दुडदुडणारी मुले, गरोदर सून यांच्या पावलांचा विचार मात्र मागे राहतो.

रोह्याला लागून असलेल्या वरसे येथील एका घरी मी कित्येक वर्षे रुग्ण तपासायला जात असे. एका वर्षी गणपतीपूर्वी त्या घराची दुरुस्ती झाली. सारवलेल्या अंगणात लाद्या आल्या, ओट्याच्या पायऱ्यांना काळा, गुळगुळीत ग्रॅनाइट बसला. पावसात त्या पायरीवरून माझाही पाय एकदा सटकला. दाराची चौकट धरून मी कसाबसा सावरलो. घरच्यांच्या आनंदावर विरजण नको म्हणून काही बोललो नाही. त्याच भाद्रपदात, दिवेलागणीला तुळशीपुढे दिवा लावून परतताना घरातल्या आजी त्या पायरीवर पडल्या. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, आजी वाचल्या. पण पुढे अनेक महिने त्यांचे जग एका खाटेएवढे झाले. माझे ते मौन मला आजही बोचते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्युमुखी पडतात आणि त्यांत वृद्धांचे प्रमाण सर्वांत मोठे असते. हाड जोडता येते. परंतु अंथरुणाला खिळल्याने होणारी शय्याव्रणे, न्यूमोनिया आणि पुन्हा पडण्याची भीती यांतून बाहेर पडणे अवघड असते.

पायरी आणि उंबरठा

रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे आपला दारापुढचा भाग चार महिने ओलाच असणार, हे गृहीत धरूनच त्याची रचना करावी. पायऱ्यांना खरखरीत फरशी वापरावी. ग्रॅनाइट आधीच बसवला असेल, तर पायरीच्या कडेला घसरणरोधक पट्टी चिकटवावी. प्रत्येक पायरीची उंची सारखी, साधारण १५ सेंटिमीटर, आणि रुंदी ३० सेंटिमीटर असावी. एकच पायरी कमी-जास्त उंचीची असली, तरी सवयीने पडणारे पाऊल चुकते. बाजूला ८५ ते ९० सेंटिमीटर उंचीवर, मुठीत नीट मावेल असा गोल कठडा हवा. उतार करायचा झाल्यास १ फूट चढासाठी १२ फूट लांबी ठेवावी. चाकाची खुर्ची त्यावरून सुखाने जाते. शेवाळ धरले की ते त्याच दिवशी खरवडून काढावे.

उंबरठा सरसकट काढून टाका, असे मी म्हणणार नाही. पावसाची झड आणि सरपटणारे जीव तो काही अंशी अडवतो. पण तो फरशीच्याच रंगाचा असू नये. उंबरठ्यावर हळद-कुंकवाची बोटे ओढण्याची आपली रीत मंद नजरेच्या माणसालाही उपयोगाची आहे. तो रंगामुळे चटकन दिसतो. रोज पूजा होत नसेल, तर पिवळ्या रंगाची एक ठळक रेघ तरी काढावी. दारावर दिवा हवा आणि त्याचे बटण दाराबाहेरूनही हाताशी असावे.

पाय धुण्याची जागा

पूर्वी दारात पाण्याचे घंगाळ असे. बाहेरून आलेला माणूस पाय धुऊनच आत येई. अंगणाच्या कडेला एक नळ, खाली निचरा होणारी फरशी आणि टेकायला दगडी बाक, एवढे केले तरी ती सोय परत येते. भाताच्या खाचरातून किंवा साचलेल्या पाण्यातून आलेल्याने साबणाने पाय धुऊन बोटांमधली जागा कोरडी करावी, चिखल्या टळतात. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात येणारे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्वचेवरील जखमेतून शरीरात शिरतात. केवळ पाय धुण्यावर विसंबू नये. जखम झाकूनच पाण्यात उतरावे. नंतर ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळ्यांत लाली दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

दारातले अनाहूत

दाराशी रचलेली लाकडे, विटा, जुनी चपलांची रास म्हणजे विंचू आणि सापांना आयते घर. चपला जमिनीपासून उंच, उघड्या मांडणीवर ठेवाव्यात. बूट झटकूनच घालावेत. आपल्याच जिल्ह्यातील महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि असंख्य जीव वाचले. मात्र औषध वेळेत मिळण्यासाठी रुग्ण वेळेत पोहोचायला हवा. दंश झाल्यास आवळून बांधणे, चिरणे, मांत्रिक यांत वेळ न दवडता थेट रुग्णालय गाठावे. कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा घासून कोरड्या कराव्यात. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात वाढतो.

बसायला जागा

ओट्यावर हात असलेली एक भक्कम खुर्ची ठेवा. तिच्यावर बसून चपला घालता येतात, पिशवी टेकवता येते. त्याहून मोठा लाभ निराळा आहे. रस्त्याने जाणारा कोणी ‘काय काकू, बरं आहे ना?’ असे विचारतो, तेव्हा एकाकी वृद्धाचा दिवस उजळतो. बंद दाराआड ही विचारपूस पोहोचत नाही.

वरशाच्या त्या घरी आता पायऱ्यांवर खरखरीत लादी आणि बाजूला कठडा आहे. आजी अंगणात उतरत नाहीत. म्हणून मुलाने तुळशीची एक कुंडी ओट्यावर, त्यांच्या खुर्चीशेजारी आणून ठेवली आहे. संध्याकाळी दिवा त्याच लावतात.

वाचकहो, आज दिवेलागणीला आपल्या दाराबाहेर जा आणि घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाच्या पावलांनी आत या. हात कोठे आधार शोधतो, पाय कोठे अडखळतो, ते पाहा आणि त्या जागेची दुरुस्ती पुढच्या सणापर्यंत लांबवू नका.